मुदत ठेव मोडून क्विल्टिंग मशीन घ्यावे का?

प्रश्न : मी साताऱ्यात सहा वर्षांपासून गोधड्यांचा व्यवसाय करते. चार जणी हाताने धावदोरा घालतात. कापड निवडणे, कापणे, तुकडे जोडणे आणि विक्री मी पाहते. वर्षाला साधारण २०० गोधड्या सरासरी ३,५०० रुपयांना जातात. दिवाळीपूर्वी मागणी पुरी करता येत नाही, तरी मार्चअखेर ५५ गोधड्या घरात पडून आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ६ लाखांची मुदत ठेव मोडून साडेचार लाखांचे मशीन घ्यावे आणि दीड लाख अनामत भरून महिना ९,००० रुपये भाड्याचे दुकान घ्यावे, असा विचार आहे. मुलीची बारावी तीन वर्षांनी आहे.

उत्तर : ताई, आपण हिशेब तपशिलाने पाठवला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एका गोधडीमागे कापड ८००, दोरा व किरकोळ १००, मजुरी १,१००, पॅकिंग आणि कुरिअर २५०, तसेच प्रदर्शनातील स्टॉलचे भाडे वाटून ३५०, असे २,६०० रुपये लागतात आणि हाती ९०० उरतात. म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये. त्यातून दुकानाचे भाडे १,०८,००० आणि ७ टक्के दराने बुडणारे ठेवीचे व्याज ४२,००० वजा केले, तर ३०,००० रुपये राहतात. मशीन दहा वर्षे चालेल असे धरून त्याची झीज वर्षाला ४५,००० होते. विक्री वाढली नाही, तर दुसरे काहीही न बिघडता आपण तोट्यात जाल.

विक्री वाढवण्यासाठीच तर मशीन, असे आपण म्हणाल. पण ते फक्त टाके घालते. रंग जुळवणे, कापणे आणि जोडणे यांत आपले नगामागे बारा तास जातात, म्हणजे २०० गोधड्यांना २,४०० तास. एका माणसाचे पूर्ण वेळेचे वर्ष यातच संपते, आणि त्या प्रत्येक तासाचे आपल्याला ७५ रुपये मिळतात. व्यवसायाची गाडी जिथे अडली आहे, तिथे मशीनचा उपयोग नाही. शिवाय मशीनच्या टाक्याची रजई जयपूर आणि पानिपतहून मोठ्या प्रमाणावर येते. तिच्याशी भावात स्पर्धा करणे आपल्याला परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी दुरुस्ती किमतीत हवी. एका गोधडीला एकीच्या दहा दुपारी जातात, असे आपण लिहिता. दुपारचे चार तास धरले, तरी तिला तासाला २७-२८ रुपये पडतात. या दरावर कुशल हात फार काळ टिकत नाहीत, आणि त्या चौघी गेल्या तर विकायला काही उरणार नाही. किंमत ४,२०० करून मजुरी ३०० रुपयांनी वाढवावी. विक्री १६० नगांवर आली आणि स्टॉलचे तेवढेच भाडे कमी नगांवर वाटले गेले, तरीही सुमारे १,९४,००० रुपये उरतात, आणि आपले जवळपास पाचशे तास वाचतात.

पडून असलेल्या ५५ गोधड्यांत कापड, दोरा आणि मजुरीचे नगामागे २,००० धरून १,१०,००० रुपये अडकले आहेत. येत्या वर्षी निम्मे काम तरी ग्राहकाने आणून दिलेल्या आईच्या साड्यांचे किंवा आजीच्या लुगड्यांचे घ्यावे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि दिवाळीच्या मागण्या ऑगस्टअखेर बंद कराव्यात. त्यात कापडाचा खर्च नसतो आणि शिलकी मालही राहत नाही. बाळाची दुपटी बारा महिने खपतात, हेही ध्यानात ठेवावे.

हंगामापूर्वी रोकड कमी पडलीच, तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्यावा. बँका साधारणतः ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त दर लावतात आणि व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतेच पडते. एक लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी चार महिने वापरले, तर सुमारे २,८०० रुपये. पीएमईजीपीचे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे) अनुदान नव्या उद्योगांसाठी असल्याने त्यामागे धावू नये. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि पहिले एक लाखाचे कर्ज ५ टक्के दराने मिळते. आपले काम त्यात बसते का, हे सामायिक सेवा केंद्रात जरूर विचारावे.

जीएसटीबाबत एकच सूचना. महाराष्ट्रातल्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, परंतु परराज्यात माल पाठवताना ही मर्यादा लागू होत नाही. ठरावीक हस्तकला वस्तूंना तिथे वेगळी सवलत आहे. आपली गोधडी तीत येते का, हे सीएकडून लेखी घ्यावे.

मशीनचा मोह सुटत नसेल, तर जॉबवर्क करणाऱ्याकडून दहा-पंधरा गोधड्यांवर टाके घालून घ्यावेत आणि त्या वेगळ्या नावाने विकून पाहाव्यात. सलग दोन हंगाम त्या पूर्ण किमतीला गेल्या आणि कापणी-जोडणीसाठी पगारी माणूस ठेवूनही नफा उरला, तर मशीनसाठी मुद्रा कर्जाचा विचार करता येईल. मुलीच्या ठेवीला तेव्हाही हात लावू नये.