बिडाचा इंपेलर समुद्राच्या पाण्यात : दोष ओतकामाचा नाही

दादा, फोटो नीट पाहिले. शिरोलीत ओतलेला तुमच्या पंपाचा बिडाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, रत्नागिरीला समुद्राच्या पाण्यावर सात महिन्यांत चाळण झाला, आणि गिऱ्हाईक कास्टिंगमधल्या ब्लो-होलवर, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूच्या पोकळीवर, बोट ठेवतंय. मला ते पटत नाही. ब्लो-होल आतून गुळगुळीत असतं आणि कुठंही सापडतं. तुमचे खड्डे खडबडीत आहेत, मोहळासारखे, आणि प्रत्येक पात्यावर एकाच जागी, पुढच्या धारेच्या जरा मागे. हे कॅव्हिटेशन. तिथं दाब इतका उतरतो की ३० अंशालाच पाणी उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढं जास्त दाबात मिटतात आणि प्रत्येकाचा घाव धातूवर बसतो. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येत होता का, ऑपरेटरला विचारा.

पंचगंगेवर उसाला पाणी उपसणारे बिडाचेच पंप वर्षानुवर्षं टिकतात. फरक मिठाचा आहे. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे आपल्या साध्या बिडात, ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. खाऱ्या पाण्यात लोखंड विरघळतं, ग्रॅफाइट मागं राहतं. आकार तसाच, ताकद गेलेली. चाकूनं खरवडा : काळा भुगा निघेल, कागदावर पेन्सिलीसारखा उमटेल. संथ पाण्यात हा थर खालच्या लोखंडाला थोडंफार झाकतो. बुडबुडे तोच उडवतात, ताजं लोखंड उघडं पडतं आणि गंज परत सुरू. दोघं मिळून खातात, म्हणून इतक्या लवकर.

आधी सक्शन, म्हणजे पंपाची पाणी ओढणारी बाजू, बघा. पाइपच्या पाण्यातल्या टोकाला बसवलेल्या फूटव्हॉल्व्हची जाळी शिंपल्यांनी तुंबलीय का? पाइप बारीक आहे का? आणि उचल, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची उंची, ओहोटीच्या वेळी मोजा, भरतीला मोजून फसगत होते. पाणी कमी करायचं तर डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा, व्हॉल्व्ह आवळा, सक्शनचा कधीच नाही.

एसजी आयर्ननं, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटच्या चिवट बिडानं, फार फरक पडणार नाही. ताकद वाढते, पण ग्रॅफाइट त्यातही आहेच, फक्त गोळ्यांच्या रूपात. माझा कौल निकेल-ॲल्युमिनियम ब्रॉन्झ या तांब्याच्या मिश्रधातूला. महाग आहे, पण या कामाला तेच शोभतं.

एक चूक मी स्वतः केलीय. जुन्या बिडाच्या केसिंगमध्ये (पंपाच्या बाहेरच्या कवचात) नवा बिडाचाच इंपेलर बसवला, तो पहिल्याच्या निम्मेही दिवस चालला नाही. केसिंगला आतून ग्रॅफाइटचा थर धरला होता आणि त्याच्यासमोर नवं लोखंड भराभर झिजलं. तुमचं केसिंगही आतून खरवडा, चांगलं लोखंड किती उरलंय ते मोजा आणि फोटो इथं टाका. त्याशिवाय ब्रॉन्झची ऑर्डर देऊ नका.