गुणात्मक संशोधन शिकायचं कुठून? एका मुलाखतीपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष आहे, लघुप्रबंधाचा विषय ‘ऊसतोड कामगारांच्या मुलींचं शिक्षण’ आहे, गाईडनी ‘गुणात्मक पद्धत वापरा, १५ मुलाखती घ्या’ एवढंच सांगितलंय, आणि पद्धत कुणी नीट शिकवलेली नाही. हातात सहा महिने आहेत, तर सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर असं: एक मुलाखत घ्या, ती स्वतः उतरवून काढा, तिचं कोडिंग करा (म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना त्यात काय घडतंय ते सांगणारी छोटी नावं द्या), त्यावर दोन पानं लिहा आणि मगच दुसरीला हात घाला. बहुतेक जण दोन आठवड्यांत पंधराही मुलाखती उरकतात आणि रेकॉर्डिंग फोनमध्ये पडून राहतं. तीन महिन्यांनी ऐकायला बसलं की कळतं, सगळ्यांना तोच ढोबळ प्रश्न विचारलाय आणि सगळ्यांनी तेच ढोबळ उत्तर दिलंय. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या पांगलेल्या असतात. पुस्तकातलं ज्ञानमीमांसेचं, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचं, प्रकरण वाचायचंच आहे, पण दोन मुलाखती झाल्यावर ते दुप्पट समजतं. मधल्या काळात शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) जाऊन तुमच्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध उघडा आणि फक्त संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचा. माणसं कुठून मिळवली, नकार किती आले, किती वेळ बोलले, हे ज्यात लिहिलंय तो प्रबंध ठेवा. ज्यात नुसत्या व्याख्या आहेत तो बंद करा.

आता प्रश्न ठरवू. ‘मुलींचं शिक्षण’ हा विषय झाला. ‘किती मुली शाळा सोडतात’ हा प्रश्न आहे, पण त्याला सर्वेक्षण लागतं, १५ मुलाखतींतून त्याचं उत्तर कधीच निघणार नाही. तुमच्या पद्धतीला पेलणारा प्रश्न असा: कारखान्यावर निघताना मुलीला सोबत न्यायचं की गावात ठेवायचं, हे घरात कोण आणि कसं ठरवतं? हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढच्या सगळ्या शंका त्यावर घासून बघता येतात.

माणसं निवडताना १५ हा आकडा आधी बाजूला ठेवा आणि वेगवेगळ्या परिस्थिती मांडा. काही मुली आईबापांसोबत कारखान्यावर जातात. काही आजीकडे किंवा चुलत्यांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आणि काहींची शाळा कायमची सुटलेली असते. या चारपैकी प्रत्येक परिस्थितीत तीन ते चार घरं धरली की १२ ते १६ होतात, आणि ‘एवढेच का?’ याचं उत्तरही तुमच्याकडे असतं.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे तो दाराचा, म्हणजे तुम्ही कुणाच्या ओळखीने आत जाता त्याचा. मुकादमाने (मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने) गाठ घालून दिली तर बाई उचलीबद्दल, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेबद्दल, मोकळं बोलणार नाही, कारण तिची उचल त्याच्याच वहीत आहे. शाळेतल्या गुरुजींनी नेलं तर प्रत्येक घर ‘आम्ही पोरीला शिकवणारच’ म्हणेल. एकीने दुसरीचं नाव सुचवायचं आणि दुसरीने तिसरीचं, असं केलं की पंधराही जणी एकाच भावकीतल्या निघतात. म्हणून निदान तीन वेगळ्या दारांनी जा, उदाहरणार्थ आशाताई, शिक्षक आणि गावातलं एखादं किराणा दुकान. प्रत्येक मुलाखतीपुढे कोणत्या दाराने आलो ते लिहून ठेवा. जागेनेही फरक पडतो. हंगामात फडाजवळच्या (ऊसतोड चालू असलेल्या शेताजवळच्या) कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, गेलात तर राहणीमान डोळ्यांनी दिसतं, पण बाईला वेळ नसतो आणि कान देणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात गावी गेलात तर ती निवांत बोलते, पण आठवणीतून. दोन्ही चालतं, फक्त कुठलं केलंय ते प्रबंधात सांगावं लागतं.

प्रश्न विचारणं हे खरं कसब आहे, आणि ते प्रश्नावली पाठ करून येत नाही. आठ-दहा मुद्द्यांची एक पानाची यादी पुरे. ‘मुलीचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं का?’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि मुलाखत तिथेच संपेल. मत विचारू नका, घडलेला प्रसंग विचारा: ‘मागच्या वर्षी गाडीत बसायच्या आधी, पोरीचं काय करायचं यावर घरात काय बोलणं झालं?’ यावर माणूस आठवायला लागतो, आणि आठवताना खरी नावं, खरे वाद, खरी अडचण बाहेर येते. ‘का’ शक्यतो टाळा. ‘तुम्ही तिला शाळेतून का काढलं?’ याच्यात आरोप ऐकू येतो आणि समोरची बाई बचावाला लागते. ‘मग काय झालं?’, ‘ते कसं ठरलं?’ यांनी तेच उत्तर आरोपाविना मिळतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेत येणारं वाक्य बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचं असतं, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पुढचा प्रश्न विचारतो. तिने वापरलेला शब्द तिलाच परत द्या: ‘हाताशी असली की, म्हणालात. हाताशी म्हणजे कसं?’

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी अर्धं मिनिट बोलून, परत ऐकून बघा. पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरजवळ आवाज वाया जातो. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग तुटतं. संपल्यावर त्याच संध्याकाळी, झोपायच्या आत, नोंदवहीत लिहा: कोण मध्ये येऊन बसलं, कोणत्या प्रश्नाला नवऱ्याने उत्तर दिलं, रेकॉर्डर बंद केल्यावर ती काय म्हणाली. दुसऱ्या दिवशी यातलं अर्धं आठवत नाही.

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला नवख्याला पाच ते सहा तास लागतात, बोली अनोळखी असेल तर त्याहून जास्त. निदान पहिल्या तीन मुलाखती स्वतः उतरवा, कारण स्वतःचे चुकलेले प्रश्न तिथेच ऐकू येतात. आवाजावरून आपोआप टाइप करणारी साधनं ‘ल्हानगं’चं ‘लहान’ करतात आणि ‘कोपी’चं भलतंच काही, म्हणून कानाने पडताळल्याशिवाय तो मजकूर वापरू नका. बोली सुधारू नका. प्रबंध इंग्रजीत असला तरी कोडिंग मराठी मजकुरावरच करा, भाषांतर शेवटी आणि फक्त घेतलेल्या अवतरणांचं. ‘उचल’ला सरळ ‘कर्ज’ म्हटलं की मुकादम, हंगाम आणि अंगमेहनतीने फेड हे सगळं त्या शब्दातून गळून जातं. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पुढे शोधताही येत नाही.

आता कोडिंग. नमुन्यासाठी मी एक उतारा रचला आहे:

‘सातवीला होती ती. आजीकडं ठेवली असती, पण आजीला नीट दिसत न्हाई. आन् ल्हानग्याला कोपीवर कोण बघणार? पोरगी हाताशी असली की मला फडात जाता येतं.’

नवखा विद्यार्थी समासात लिहितो: ‘दारिद्र्य’, ‘निरक्षरता’, ‘मुलींबाबत उदासीनता’. या तिन्हीपैकी एकही गोष्ट उताऱ्यात नाही, ती विद्यार्थ्याच्या डोक्यातून आली. उताऱ्याला धरून केलेले कोड असे होतील: ‘आजीकडे ठेवण्याचा विचार झाला होता’, ‘सांभाळणाऱ्याची तब्येत आड येते’, ‘धाकट्याला सांभाळणं मुलीकडे’, ‘मुलीमुळे आईला फडात जाता येतं’. कोडमध्ये क्रिया असली की तो मजकुराजवळ राहतो. मग थांबून वेगळ्या पानावर टिपण लिहा: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, आणि उचल कोयत्यावर मिळते. या घरात तो कोयता पुरा राहतो तो तिसऱ्या, कुठेच न मोजलेल्या हातांमुळे, असं आहे का? मुलीची शाळा तिच्या वयापेक्षा धाकट्या भावंडाच्या वयावर अवलंबून आहे का?

हे टिपणच तुमची दुसरी मुलाखत ठरवतं. आता मुद्दाम असं घर शोधा जिथे तान्हं मूल नाही. तिथे मुलगी गावात राहिली असेल तर तुमच्या अंदाजाला बळ येतं. तरीही ती कारखान्यावर आली असेल तर अंदाज मोडतो आणि नवं काहीतरी दिसतं, वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती, किंवा आणखी काही. अंदाज मोडणारं घर लपवू नका, प्रबंधात ते सगळ्यात सविस्तर लिहा.

पाच-सहा मुलाखतींनंतर कोड एकत्र करायला घ्या. इथली नेहमीची चूक म्हणजे कप्प्याला आशयसूत्र (थीम) समजणं. ‘शिक्षणातील अडचणी’ हा कप्पा आहे, त्यात काहीही मावतं. ‘मुलीने बिनपगारी केलेल्या सांभाळावर घराचा कोयता टिकतो’ हे आशयसूत्र आहे, कारण ते काहीतरी म्हणतं आणि ते खोटंही ठरू शकतं. १५ मुलाखतींसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये चार रकाने करा: मुलाखत क्रमांक, उतारा, कोड, टिपण. हवंच असेल तर टॅगेट मोफत आहे.

किती मुलाखती पुरेत? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या ६० मुलाखती तपासून २००६ साली दाखवलं की पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक सगळे कोड येऊन गेले होते. या आकड्याचा आधार घेताना त्याची अटही सांगा: त्या गटातल्या महिला बऱ्याच सारख्या होत्या आणि प्रश्न ठरीव होते. तुमच्याकडे चार वेगळ्या परिस्थिती आहेत. म्हणून प्रत्येक मुलाखतीपुढे ‘नवे कोड किती’ हे लिहीत जा. सलग तीन मुलाखतींत एखाद-दुसराच नवा कोड आला तर थांबण्याचं कारण कागदावर दिसतं.

मी हे उशिरा लिहितोय, पण वेळापत्रकात सगळ्यात आधी आहे ते नैतिक मान्यतेचं काम. विभागात किंवा विद्यापीठात समिती असेल तर अर्ज आजच करा, मान्यतेआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत. अंगठा द्यायला लोक घाबरतात, कारण अंगठ्याचा अनुभव त्यांना उचलीच्या कागदावर आलेला असतो. समितीची परवानगी घेऊन तोंडी संमती रेकॉर्ड करा. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकांची संमती हवी आणि तिचा स्वतःचा होकारही हवा. ‘तुमचं बोलणं कुणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे. फडावर अशी गोष्ट कानावर येणं अशक्य नाही. ती आली तर काय करायचं, हे गाईडसोबत आधी ठरवून लिहून ठेवा, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर जवळ असू द्या. नाव बदलून भागत नाही. गाव, मुकादम आणि कारखाना एकत्र दिले की कुटुंब ओळखू येतं. या तिन्हींपैकी निदान दोन झाका.

प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या व्यवस्थित लावलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत एकाच वेळी जळाल्या, कारण तिन्ही तिथेच होत्या. पेन ड्राइव्ह पासवर्डसह घरी, दुसरी प्रत गाईडकडे, एवढं पुरतं.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘१५ लोकांवरून निष्कर्ष कसा काढला?’ हे विचारणार. त्याची तयारी लिहितानाच होते. ‘८० टक्के महिलांनी सांगितलं’ असं कुठेही लिहू नका, १५ पैकी १२ चे टक्के काढून काही सिद्ध होत नाही, उलट परीक्षकाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. हा निर्णय कोणत्या परिस्थितीत कसा घडतो ते तुम्ही दाखवलंय, तो किती घरांत घडतो हे तुमच्या प्रश्नातच नव्हतं, असं सांगा, आणि तारखा घातलेली कोडची यादी व टिपणांची वही पुढे ठेवा.