आजारी मांजराचे फोटो काढणारा माणूस कोरडा असतो का?

घरात कोणी आजारी असताना त्याचे फोटो काढावेसे वाटणे हा मनाचा कोरडेपणा आहे का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर इतक्या जणांनी मांडला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. कोणी अंथरुणाला खिळलेल्या आईचे फोटो काढलेले असतात, कोणी म्हाताऱ्या कुत्र्याचे; प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यापासून तर ज्यांना छायाचित्रणाची काडीची आवड नाही अशांनाही हा प्रश्न छळू लागला आहे. विचारणाऱ्याच्या स्वरात मात्र दर वेळी तीच शरम असते. त्यांपैकी एक अनुभव येथे सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण प्रसाद म्हणू. वय पंचेचाळिशीचे, नोकरी बँकेत, घर मुलुंडला. रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनला जाऊन पक्षी टिपणारे हौशी छायाचित्रकार. त्यांच्या ठकी नावाच्या तेरा वर्षांच्या मांजरीला दिवाळीच्या सुमारास मूत्रपिंडाचा जुनाट विकार असल्याचे निदान झाले. मांजरांच्या बाबतीत हा आजार लबाड असतो, कारण मूत्रपिंडाचे साधारण दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे काही जाणवत नाही. मग मांजर खूप पाणी पिऊ लागते, वजन उतरते, अन्नावरची वासना उडते. तो बरा होत नाही. पथ्याचे खाणे आणि त्वचेखाली सलाईन देऊन दिवस सुसह्य करता येतात. मुंबईची थंडी ती काय, असे पुणेकर म्हणतील. पण अंगावरचे मांस झडलेल्या मांजरीला डिसेंबरातली रात्रही सोसत नाही, त्यामुळे सारे घर ठकीच्या उबेच्या तजविजीत गुंतले होते आणि प्रसाद कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरत होते. एका सकाळी पत्नीने ऐकवले, “ती मरायला टेकलीय आणि तुला प्रकाश दिसतोय.” त्याच दिवशी कॅमेरा कपाटात बंद झाला आणि काही दिवसांत प्रसादांची झोप उडाली.

“मॅडम, खरं प्रेम असतं तर मला रडू आलं असतं,” ते पहिल्याच भेटीत म्हणाले. “मी शटर दाबत बसतो.”

“जो रडतो त्याचंच प्रेम खरं, हे कुणी ठरवलं?”

“सगळ्यांना तसंच वाटतं ना.”

“सगळ्यांना, की तुमच्या मिसेसना?”

बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, “मलाच.”

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, जी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी गेल्या शतकाच्या मध्यास मांडली आणि जिच्यावर इतक्या वर्षांच्या कामानंतरही माझा विश्वास वाढतच गेला आहे. दुःख आणि अपराधीपणा यांना ही पद्धत एका पारड्यात घालत नाही. लाडके जनावर जाणार याचे दुःख होणे रास्त आहे आणि ते घालवण्याचा खटाटोप मी करत नाही. अपराधीपणामागे मात्र बहुधा एखादी हुकूमशाही समजूत दडलेली असते आणि तिची उलटतपासणी करावी लागते. ‘प्रेम करणाऱ्याने अमुकच रीतीने व्याकूळ झाले पाहिजे’ ही प्रसादांची समजूत त्याच जातीची होती.

तेवढ्यावर त्यांना निर्दोष ठरवून घरी पाठवणे सोपे होते. ‘फोटो काढणे हेसुद्धा प्रेमच’ असा दिलासा मित्रमंडळी देतच असतात आणि तो टिकत नाही, कारण घरातल्या माणसाच्या तक्रारीत बहुतेक वेळा काहीतरी तथ्य असते. म्हणून मी विचारले, “ठकीला सलाईन कोण देतं?”

“मिसेस. मुलगी तिला धरून ठेवते.”

“आणि तुम्ही?”

“मला सुई बघवत नाही. मी तेव्हा फोटो काढायचो.”

त्यानंतर मी त्यांना एक काम दिले. त्यांच्या दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेकडची आहे आणि ठकीची नेहमीची जागा तीच. दिवाळीपासून कॅमेरा बंद होईपर्यंत त्या खिडकीपाशी काढलेले सगळे फोटो, चांगले-वाईट न निवडता, साध्या पोस्टकार्ड आकारात छापून तारखेनुसार लावून आणायला सांगितले.

ते पाकीट घेऊन आले तेव्हा प्रथमच त्यांचा चेहरा उजळलेला होता. टेबलावर ओळीने फोटो मांडत ते मला समजावू लागले. फ्लॅश कधीच वापरला नव्हता, कारण मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो आणि फ्लॅशने डोळे हिरवे पेटल्यासारखे दिसतात. उन्हाळ्यात मुंबईचा सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि तिरपे ऊन खिडकीच्या कट्ट्यावरून थेट फरशीवर उतरते. हौशी माणूस आपल्या विषयावर बोलू लागला की त्याला अडवू नये, असा माझा नियम आहे. तो ज्या क्रमाने बोलतो त्यातच बरेच काही सापडते.

पहिल्या फोटोंत ठकी कट्ट्यावर होती. पुढच्या काहींत खिडकीखालच्या स्टुलावर. शेवटच्या साऱ्या फोटोंत फरशीवर.

“ती खाली का आली?” मी विचारले.

“ऊन खाली आलं ना. मांजर उन्हाच्या मागे जातं.” उत्तर तयार होते आणि शास्त्राला धरून होते.

मी शेवटच्यातला एक फोटो त्यांच्यापुढे सरकवला. “या फोटोत कट्ट्यावर ऊन आहे?”

“आहे.”

“ठकी आहे?”

त्यांनी तो फोटो उचलला, त्याच्या आधीचा उचलला, मग त्याच्याही आधीचा. तिन्हींत कट्ट्यावर भरपूर ऊन होते आणि कट्टा रिकामा होता. “तिला उडी मारता येत नाहीये,” ते म्हणाले, आणि गेले काही आठवडे ज्या रडण्याची ते स्वतःकडे मागणी करत होते ते तेव्हा आले.

या क्षणी मला जे उमगले ते अशा अनेक प्रकरणांत नंतर उपयोगी पडले, म्हणून जरा विस्ताराने सांगते. प्रसादांच्या कॅमेऱ्याने सगळे प्रामाणिकपणे टिपले होते. टिपलेले पाहायला तेच तयार नव्हते. ठकी होती तशीच राहिली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता आणि प्रत्येक फोटोकडून ते त्या हट्टाला पुरावा मागत होते. पत्नीला हे नेमके शब्दांत सांगता आले नसले तरी, घरात आपण एकट्याच आजाराशी बोलत आहोत आणि नवरा काचेआडून सुट्टीवर आहे, हे तिला पक्के जाणवले होते.

म्हणून हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता फोटो काढावेत की नाही हे सांगत बसत नाही. फोटो काढत असताना घरातले कोणते काम दुसऱ्याच्या अंगावर पडते, एवढे त्यांनी पाहावे. ते काम निम्मे तरी आपल्याकडे घ्यावे. प्रसादांनी सुरुवात सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवण्यापासून केली, कारण थंडीत गार सलाईन आत गेले की मांजर शहारते. पुढे खांद्यांमधली कातडी चिमटीत धरायला ते शिकले. सुई अजूनही पत्नीच टोचते आणि त्यात काही बिघडले नाही.

कॅमेराही मी बाहेर काढायला सांगितला, पण कामाला लावून. रोज पाहणाऱ्या डोळ्याला झीज दिसत नाही. आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात काढलेला फोटो ती दाखवतो. दवाखान्यात मांजर भेदरून अंग चोरून बसते, तेव्हा घरात ती कशी चालते, वाटीपाशी किती रेंगाळते याचे छोटे चित्रीकरण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी केलेली एक गुणपत्रिका आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा बरे दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर जनावराचे जगणे स्वीकारार्ह मानतात. गुण घरातल्या प्रत्येकाने वेगळे द्यावेत, मुलांनीसुद्धा, आणि मग डॉक्टरांशी बोलावे. आकड्यांवर भांडण झाले तरी ते ठकीबद्दल होते, एकमेकांच्या प्रेमाबद्दल होत नाही.

संक्रांतीनंतर प्रसाद आणि त्यांची पत्नी प्रथमच दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले, आणि ठकीला शांतपणे निरोप देण्याची वेळ कशी ओळखायची हा प्रश्न प्रसादांनी स्वतः विचारला. अजून ती वेळ आलेली नाही, दर पंधरवड्याला दाखवा, असे उत्तर मिळाले. आमच्या शेवटच्या भेटीत मी त्यांना एकच व्यवहाराची गोष्ट सुचवली: मांजर गेले म्हणून बँकेत सहसा वेगळी रजा मिळत नाही, तेव्हा आपल्या किरकोळ रजेतले दोन-तीन दिवस राखून ठेवावेत. त्यांनी ते आधीच राखले होते आणि मुलीच्या वर्गशिक्षिकांनाही कल्पना देऊन ठेवली होती.