हवा ओढायचा खर्च: डस्ट कलेक्टर आणि ब्लोअरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत डस्ट कलेक्टरच्या, म्हणजे धुळकट हवा ओढून गाळणाऱ्या यंत्रणेच्या, फिल्टरच्या किमतीची चौकशी आहे. त्या फिल्टरमधून वर्षभर हवा ओढायला किती वीज जाते, हे फार थोड्यांनी विचारलंय. त्यामुळे उत्तरांत फिल्टरपेक्षा ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) जास्त आला आहे.

प्रश्न (सांगली, हळद दळण्याचं युनिट): आमच्या बॅग फिल्टरच्या ब्लोअरचा अँपिअर गेल्या दोन महिन्यांत 24 वरून 19 वर आला. वीज वाचतेय म्हणून खूश होतो, पण चक्कीजवळ भुकटी जास्त उडायला लागलीय. काय समजायचं?

फिल्टरच्या कापडी पिशव्या चोंदल्यात असं समजायचं. सेंट्रिफ्युगल ब्लोअरला हवा कमी मिळाली की त्याचा भार हलका होतो आणि अँपिअर उतरतो. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळल्यावर होतं तेच. अशा वेळी मिस्त्री हमखास ब्लोअरचा वेग वाढवायला मोटरवर मोठी पुली सुचवतो आणि बिल तिथून चढायला लागतं. त्या वाटेला जाऊ नका.

आधी मॅनोमीटर (दाबाचा फरक मोजणारं साधन) लावा. यू आकाराची पारदर्शक नळी आणि थोडं रंगीत पाणी एवढंही पुरतं. फिल्टरच्या मळक्या आणि स्वच्छ बाजूंमधला दाबाचा फरक 100 ते 150 मिलिमीटर पाणी असेल तर ठीक. 200 च्या वर गेला तर पिशव्या श्वास घेत नाहीयेत.

मग टायमरकडे वळा. पिशव्या झटकायला ठरावीक सेकंदांनी काँप्रेसरच्या हवेचा झटका मारणारा टायमर चक्की रिकामी फिरत असली तरी झटके मारत राहतो. काँप्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम दहा-पंधरा टक्के भाग प्रत्यक्ष कामी येतो, म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत महाग हवा तुम्ही फुकट उडवताय. शिवाय कापडावर भुकटीचा जो पातळ थर बसतो तोच खरी गाळणी असतो. उठसूट झटकला की बारीक कण कापडात शिरतात आणि पिशवी आतून बंद होते. दाबाच्या फरकावर चालणारा कंट्रोलर बसवा: 120 मिलिमीटरला झटके सुरू, 90 ला बंद. काँप्रेसरचा दाबही 5 ते 6 बारच्या वर नको.

हळदीत तेल असतं आणि पावसाळ्यात ती ओल धरते. शिफ्ट संपल्यावर ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं रिकामा चालू द्या, तो थांबल्यावर थोडे झटके द्या, आणि काँप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. झटक्यातून पाणी आलं की पिशवीवर लगदा होतो, मग कुठलाच कंट्रोलर उपयोगाचा नाही.

प्रश्न (कोल्हापूर, फाउंड्री): फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) सहा ग्राइंडरवर हूड (धूळ ओढून घेणारी तोंडं) आहेत, तरी धूळ पसरते. सप्लायर 30 ऐवजी 50 एचपीचा ब्लोअर घ्या म्हणतो. घ्यावा का?

आधी टेप घेऊन हूडपासून चाकापर्यंतचं अंतर मोजा. उघड्या तोंडाच्या हूडला लागणारी हवा अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढत जाते. तोंड 300 बाय 300 मिलिमीटरचं असेल आणि ते 30 सेंटिमीटरवरून 60 वर गेलं, तर तेवढीच धूळ पकडायला जवळजवळ पावणेचार पट हवा लागते. 50 एचपीने ती भरपाई होणार नाही. पत्रे कापून हूड पुढे आणा, कडेला पट्टी लावा (तेवढ्यानेच साधारण पाव हिस्सा हवा वाचते), आणि जमेल तिथे ग्राइंडरला तीन बाजूंनी बूथ करा. हे काम तुमचा फॅब्रिकेटर दोन दिवसांत करेल. सप्लायर ते सुचवणार नाही, कारण त्याला ब्लोअर विकायचाय.

सहाही ग्राइंडर एकाच वेळी क्वचित चालतात. बंद असलेल्यांकडे जाणाऱ्या डक्टच्या (हवेच्या नळाच्या) फांद्यांना सरकत्या झडपा बसवा. मोठ्या कास्टिंगसाठी कामगार हूड बाजूला ढकलतो, हे मी बऱ्याच फाउंड्र्यांत पाहिलंय. तिथे हलता हात असलेला हूडच हवा. आणि हिवाळ्यात गरम हवा परत शेडमध्ये सोडायचा मोह टाळा. वाळूच्या धुळीतली सिलिका अतिबारीक असते, तिच्यामुळे फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

प्रश्न (लातूर, डाळ मिल): पिशव्या धुऊन पुन्हा वापरल्या तर?

नको. धुतल्यावर पिशवीचं नीडल फेल्ट कापड आटतं, पिशवी आतल्या तारेच्या पिंजऱ्यावर नीट बसत नाही. पैशांचाच विचार असेल तर हिशेब असा: तासाला 10,000 घनमीटर हवा, पिशव्या जुन्या झाल्यामुळे 50 मिलिमीटर जादा रोध, आणि तेवढीच हवा ओढत राहायची असेल, तर साधारण अडीच किलोवॉट जास्त लागतात. रोज 16 तास, वर्षाला 300 दिवस आणि युनिटला 9 रुपये धरले तर लाखाच्या वर जातात. त्याशेजारी नव्या सेटचं कोटेशन ठेवून बघा.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा, साखर कारखाना): पॅकिंग विभागातल्या धूळ ओढणाऱ्या ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून 50 वरून 38 हर्ट्झवर आणला. वीज निम्म्याहून कमी झाली. अजून खाली नेता येईल?

उलट वर न्या, आजच. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या पटीत उतरते, म्हणून तुम्हाला एवढी बचत दिसतेय. पण हवाही 76 टक्क्यांवर आली. डक्ट सेकंदाला 20 मीटर वेगासाठी बनवलेला असेल, तर आता त्यात 15 च आहे, आणि 18 च्या खाली गेलं की आडव्या डक्टमध्ये साखर बसायला लागते.

साखरेची भुकटी पेट घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या रिफायनरीत 7 फेब्रुवारी 2008 ला झालेल्या स्फोटात 14 जण गेले. पहिला भडका साखरेच्या सायलोंखालच्या (साठवण टाक्यांखालच्या) बंदिस्त कन्व्हेयरमध्ये झाला. इमारतभर साठलेल्या भुकटीने पुढचे स्फोट घडवले. तुमच्याकडे 45 हर्ट्झवर डक्टमधला वेग 18 मीटर राहतो आणि तरीही वीज 27 टक्के वाचते. तिथे थांबा, आणि व्हीएफडीत किमान मर्यादाच तशी घाला, म्हणजे रात्रपाळीला कोणी खाली ओढणार नाही. बसलेली साखर डक्ट उघडून काढून घ्या. हे काम मशीन बंद असताना, आणि तिथे वेल्डिंग सुरू नसताना.

प्रश्न (वेर्णा, गोवा, औषध कारखाना): रात्री उत्पादन नसतं, तरी एएचयू (हवा गाळून, थंड करून खोल्यांत सोडणारी यंत्रं) पूर्ण वेगाने चालतात. क्यूए (गुणवत्ता विभाग) हात लावू देत नाही.

क्यूएची भीती बिनबुडाची नाही, पण त्यांना आकडे दिले तर ते ऐकतात. रात्री हवा कमी करताना खोल्यांमधला दाबाचा फरक टिकला पाहिजे (औषधनिर्मितीच्या युरोपीय नियमावलीच्या, म्हणजे जीएमपीच्या, 2022 च्या ॲनेक्स 1 प्रमाणे स्वच्छतेच्या वेगवेगळ्या ग्रेडच्या शेजारच्या खोल्यांत किमान 10 पास्कल), आणि सकाळी वेग वाढवल्यावर कण किती मिनिटांत मूळ पातळीवर येतात ते मोजून दाखवा. चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) उघडून एका खोलीपासून सुरुवात करा, तीही स्टराइल विभागातली नको.

हवा निम्मी केली की पंख्याची वीज आठव्या हिश्शावर येईल असं कोणी सांगेल, ते धरून चालू नका. हेपातून (अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून) हवा संथ जाते, तिथला रोध हवेच्या सम प्रमाणात उतरतो, वर्गाच्या नाही; दाबही राखायचा असतो. मात्र गोव्यात त्याहून मोठा खर्च चिलरचा (हवा थंड करायला लागणारं पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) आहे. पावसाळ्यातली ताजी हवा कोरडी करायला जी वीज जाते ती आधी बघा: रात्री माणसं नसताना ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) दाब टिकेल एवढाच उघडा ठेवला, तर बिलात फरक तिथेच पडेल.