निष्ठा नेमवर की जोडणीवर?

प्रश्न : अनेक वर्षे नेम (Naim) या कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर वापरतो आहे, आता दुसऱ्या कंपनीचा घ्यावासा वाटतो, पण मन धजावत नाही. काय करावे?

उत्तर : इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या या कंपनीचे ग्राहक सहसा टिकून राहतात, त्यामागे आवाजाच्या गोडीइतकीच जोडणीची रचनाही असते : अनेक यंत्रांना वीजपुरवठ्याचा स्वतंत्र डबा जोडून आवाज सुधारता येतो, मात्र तो डबा परक्या यंत्राला चालत नाही. जुन्या यंत्रांच्या मागे गोल डिन सॉकेट (एकाच खाचेत अनेक पिना बसणारी जोडणी) असल्याने वायरीही बदलाव्या लागतील. तो खर्च आधी धरावा. मग दोन्ही यंत्रे घरी, स्वतःच्याच स्पीकरवर, आवाजाची पातळी मोजून सारखी करून ऐकावीत. किंचित मोठा आवाज कानाला बहुधा सरसच वाटतो, आणि हे दुकानदारांना चांगले ठाऊक असते.