ट्रायॉप्सची पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशी मरतात, रोज पाणी बदलूनही. काय चुकतंय?

रोज पाणी बदलता म्हणूनच मरतात. तुमच्या प्रश्नातला तो 'बदलूनही' वाचला आणि राहवेना, कारण याच गोष्टीवरून माझा आणि दादाचा अकरा वर्षं वाद चालू आहे.

मी नववीत होते. ट्रायॉप्स म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला छोटा, कवचवाला पाण्यातला जीव; पाकिटातल्या त्याच्या चिमूटभर सुक्या अंड्यांतून दोन तगले होते. सोळावा दिवस होता. दोघं दिवसभर वाळू उकरत बसायचे. पाणी पिवळट झालं होतं, काचेवर शेवाळ धरलं होतं, आणि ते मला तसंच हवं होतं. दादा गप्पी पाळायचा, त्याची टाकी कायम लख्ख. मी शाळेत असताना त्यानं मोठ्या मायेनं माझी टाकी उपसली, वाळू काढून धुतली, थोडी परत घातली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. एकानं त्याच सकाळी कात टाकली होती, कवच अजून मऊ होतं. घरी आले तर तो तळाशी उताणा. उताणं पोहणं त्यांना नवं नाही, पण त्यांचे पाय कधी थांबत नाहीत. ते थांबले होते. दुसरा रात्री गेला.

दादा म्हणाला, "अंडीच खराब होती. स्वच्छ पाण्यानं कोण मरतं?"

ट्रायॉप्स मरतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि तापमान एकदम बदललं तरी तो कोलमडतो, कात टाकल्यावर तर फारच लवकर. हा पावसाच्या डबक्यातला जीव आहे. म्हणून तर अंडी डिस्टिल्ड पाण्यात फुटतात: क्षार जवळजवळ नाहीत, म्हणजे नुकता पाऊस पडलाय, असा तो इशारा असतो. पण पुढे डबकं आटत जातं, गढूळ होतं आणि तो त्यातच मोठा होतो.

तुमच्या पिल्लांचं सांगते. पहिल्या दिवशी ती अंगातल्या साठ्यावर जगतात. मग पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव खातात. ते जीव पाणी जुनं होऊ दिलं, त्यात सुकं पान टाकलं की वाढतात. तुम्ही रोज पाणी ओतून देता म्हणजे त्यांचं ताट फेकून देता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुईच्या टोकावर मावेल एवढी स्पिरुलिनाची (वाळवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची) पूड द्या आणि टाकीपासून हात लांब ठेवा.

दादानं बाहेर काढलेली उरलेली वाळू खिडकीत एका ताटलीत पडली होती. तो फेकायला निघाला, मी फेकू दिली नाही. ट्रायॉप्स दोनेक आठवड्यांत अंडी घालायला लागतो, त्याला बहुतेकदा जोडीदारही लागत नाही, आणि ती अंडी कोरड्यात वर्षानुवर्षं टिकतात. महिनाभर ती वाळू खडखडीत सुकू दिली, मग डिस्टिल्ड पाण्यात घालून वर दिवा लावला. दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके झटके देत पोहत होते. मोजले, अकरा. चार मोठे झाले, एक 58 दिवस जगला. अंडी खराब असती तर ही पोरं कुठून आली असती? दादाला हे तेव्हाही विचारलं, आजही विचारते. तो विषय बदलतो.

आता थोडं दादाच्याही बाजूनं. पाणी दुधाळ झालं किंवा कुजका वास आला तर ते बदलायलाच हवं. बहुतेक वेळा जास्त खाणं पडल्यामुळे तसं होतं. पण एका वेळी पाव भागच, आणि तेही दिवसभर उघडं ठेवलेलं, टाकीइतक्याच उबेचं. आणि पिल्लं एकेक करून कमी होत शेवटी एकच गलेलठ्ठ उरत असेल तर दोष पाण्याचा नाही, ती एकमेकांना खातात. माशांचं तांबंवालं औषध त्या टाकीत कधीच नको. पाकिटातली सगळी अंडीही एकदम घालू नका, निम्मी कोरडी राखून ठेवा.

घरात मासे पाळणारं कुणी असेल तर टाकीवर चिठ्ठी लावा: 'पाण्याला हात लावू नये.' माझ्या टाकीवर आहे. या वेळची दादाच्या मुलीनं लिहून दिली.