सिद्धी जन्मजात असते का? एका विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजी न्हाणीघरात घसरून पडल्याचे तुला स्वप्न पडले आणि तिसऱ्या दिवशी ती खरोखरच पडली, हे वाचून आधी तिच्या हाडांची काळजी वाटली. मुका मारच लागला आहे, हे पुढच्या ओळीत कळले तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानंतर तू विचारले आहेस की, अतींद्रिय शक्ती हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि आपण तो केवळ विसरलो आहोत, असे शिबिरवाले सांगतात ते खरे का. (शब्द मात्र त्यांनी लोकमान्यांचा उचलला आहे.) माझे उत्तर 'नाही' असे आहे, पण नुसत्या 'नाही'वर तुझे समाधान वर्गातही कधी होत नसे.

त्यांच्या पत्रकात पतंजलींचा आधार घेतला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. योगसूत्रांच्या चौथ्या पादातले पहिलेच सूत्र सांगते की सिद्धी जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी यांतून येतात. पत्रकाने यातला 'जन्म' तेवढा उचलला. सिद्धी सर्वांनाच जन्मतः मिळते असे सूत्रकाराला म्हणायचे असते, तर उरलेल्या चार मार्गांची त्याला गरजच पडली नसती. शिवाय आधीच्या विभूतिपादात सिद्धींची लांबलचक जंत्री देता देता त्याने मध्येच बजावले आहे की, व्यवहारात ज्या सिद्धी वाटतात त्या समाधीच्या वाटेवरचे अडथळे आहेत. आपल्याकडची चांगदेवांची कथाही हेच सांगते. वाघावर बसून येणारे, सिद्धीच्या बळावर चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोरा कागद धाडला, आणि इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. वाघ खरा मानायचा की नाही, तो प्रश्न वेगळा. कथा सांगणाऱ्यांनीच त्याला फारसा भाव दिलेला नाही.

आता तुझे स्वप्न. अंगणात कावळा कोकला की माझी आई दोन मुठी तांदूळ जास्त टाकत असे आणि पाहुणा आला की आमच्याकडे विजयाने पाहत असे. कावळा कोकला आणि कोणीच आले नाही, तर उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होई आणि कावळ्याचे नाव कोणी काढत नसे. त्या काळी घरात पाहुणे आठवड्यातून दोनदा तरी येत, हेही हिशेबात धरावे लागेल. तुझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे आणि तिच्या तोल जाण्याची धास्ती तू मागच्या दोन्ही पत्रांत लिहिली होतीस. ती धास्ती स्वप्नात उतरली, यात नवल नाही. जी स्वप्ने खरी ठरली नाहीत, ती तुझ्या लक्षात तरी आहेत का?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३०च्या दशकात असल्या शक्तींची मोजदाद सुरू केली. वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन आणि तारा अशा पाच चिन्हांची पंचवीस कार्डे असत, आणि न पाहता चिन्ह ओळखायचे असे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात. मात्र शंभर जणांनी एकेक डाव खेळला तर त्यातल्या चार-पाच जणांची नऊ किंवा अधिक कार्डे निव्वळ योगायोगाने बरोबर येतील. त्या चौघा-पाचांना आपल्यात काहीतरी आहे असे वाटणारच, आणि शिबिराच्या व्यासपीठावर बोलावले जातात तेही तेच.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', म्हणजे मध्यमेंदू 'जागा' केला की मुले डोळे बांधूनही वाचू लागतात असा दावा; त्याचा एक कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून पाहिला आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेली नऊ वर्षांची मुलगी पुस्तक घडाघडा वाचत होती. पुस्तक छातीशी धरलेले, हनुवटी किंचित वर. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, ती बोटभरही लागत नाही. मी पुस्तक तिच्या कपाळासमोर धरायची विनंती केली, तेव्हा वाचन थांबले आणि संयोजकांनी 'नकारात्मक ऊर्जे'चे कारण दिले. ती मुलगी रडवेली झाली, तो दोष माझा. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळे खाली वळवून फटीतून पाहण्याच्या कामातही त्याचाच हात असतो.

मला खरी चिंता आहे ती वेगळीच. अंगात उपजत शक्ती असते, ही कल्पना तुला सुखावते. नंदुरबारकडच्या सातपुड्यात तीच कल्पना एखाद्या एकट्या बाईच्या वाट्याला 'डाकीण' या नावाने येते. मूल आजारी पडले, गुरे दगावली की बोट तिच्याकडे वळते, आणि त्यापायी मारहाणी व खूनही झाले आहेत. तिच्याविरुद्धचा पुरावा तुझ्या स्वप्नाइतकाच असतो: आधी ती काही बोलली आणि नंतर काही घडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. अमुक व्यक्ती करणी करते असे पसरवून तिचे जगणे अवघड करणे, हा त्यात गुन्हा आहे. उपजत शक्ती तुझ्या बाबतीत मानायची, तर तिच्या बाबतीत कोणत्या तोंडाने नाकारशील?

शिबिराचे पैसे अजून भरले नसशील तर थांब. उशाशी वही ठेव. उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी स्वप्न तारखेसह लिही, काय घडेल आणि किती दिवसांत, हेही लिही, आणि पान दुमडून त्याच दिवशी आईकडे दे. दिवाळीच्या सुट्टीत ती सगळी पाने घेऊन ये. मी पंचवीस कार्डे कापून ठेवतो, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची. वहीच्या कागदावर करून पाहिली, तर शाई पाठीमागून दिसते.

तुझा,
मास्तर